पाच गुठळ्यांपर्यंत पास

पारनेरला बदली झाली तेव्हा घर बघायला गेलो, तर घरमालकांनी गाव, जात, पगार यातलं काहीच विचारलं नाही. ओट्यावर उभे राहून त्यांनी एवढंच विचारलं, "एक वाटी रव्याला पाणी किती?"

मी म्हणालो, "रवा जाड की बारीक?"

"वरचा मजला तुमचा," असं म्हणून ते किल्ली आणायला आत गेले.

माझ्या आधी चौघं जण घर बघून गेले होते. त्यातल्या एकाने "अंदाजाने" असं उत्तर दिलं होतं. त्याला चहासुद्धा विचारला गेला नाही, हे मला नंतर घरमालकीण काकूंकडून कळलं.

मी मोजणी खात्यात आहे. शेतांच्या हद्दी मोजून देणं हे माझं काम. वीतभर पट्टीवरून सख्ख्या भावांची डोकी फुटलेली मी पाहिली आहेत, त्यामुळे आकड्याला मी मान देतो. तरीही त्या घरात राहिलेल्या सहा वर्षांत मला रोज वाटायचं की मी मोजमापाच्या बाबतीत एक ढिसाळ माणूस आहे.

गल्लीत त्यांना लॅबकाका म्हणत. धरणं, तलाव, कालवे यांच्या बांधांना वापरायची माती तपासणाऱ्या प्रयोगशाळेत त्यांची सगळी नोकरी गेली. मातीत ओल किती, ती दाबली की किती बसते, कुठल्या चाळणीतून किती खाली पडते, यावर ती पास की नापास ठरवायची. निवृत्त झाल्यावर तपासायला माती उरली नाही. मग त्यांनी कुसकुस धरला.

कुसकुस म्हणजे काय, हे गल्लीतल्या बायकांना मी सहा वर्षांत समजावू शकलो नाही, कारण त्यांना ते माझ्या आधीपासून माहीत होतं. जाड रव्यावर पाण्याचा शिपका मारायचा, हाताने फिरवत फिरवत त्याचे मोहरीएवढे दाणे वळायचे आणि ते वाफवायचे. उत्तर आफ्रिकेत हे रोजचं जेवण आहे. लॅबकाका उमेदीच्या काळात दीड वर्ष अल्जेरियात एका मातीच्या धरणाच्या कामावर होते. त्या देशाबद्दल मी पहिल्या आठवड्यात मोठ्या उत्सुकतेने विचारलं. समुद्र कसा, माणसं कशी, वाळवंट पाहिलं का.

"माती चांगली," ते म्हणाले. "चिकण जरा जास्त." थोडा विचार करून त्यांनी पुढे जोडलं, "आणि कुसकुस सुटा असायचा."

दीड वर्षातून त्यांनी एवढंच आणलं होतं. शिवाय एक दोन मजली अॅल्युमिनियमचं भांडं. खालच्या मजल्यात भाज्यांचा रस्सा उकळायचा, वरच्या मजल्याच्या तळाला भोकं, त्यात दाणा. दोन्हींच्या सांध्यावर ते कणकेची वात फिरवून बसवत. "वाफ वरून आली पाहिजे. बाजूने आली की ती वाफ नाही, गळती," हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं की एकदा ऑफिसात साहेबांच्या चहाच्या किटलीकडे बघून ते माझ्या तोंडून निघालं.

दर शुक्रवारी सकाळी आठ वाजता काका स्वयंपाकघरात शिरत आणि काकू बाहेर ओट्यावर येऊन बसत. जाताना त्या भाकरीचं पीठ, तवा आणि शेगडी बरोबर घेत, कारण दुपारी आपल्याला जेवायचं आहे याबद्दल त्यांच्या मनात शंका नसे. आत काका जुना खाकी अॅप्रन घालून काचेच्या मापाच्या नळीने पाणी मोजत. पितळी काठाच्या तीन चाळण्या एकावर एक. वरच्या चाळणीत अडकलं ते ढेकूळ, मधल्या चाळणीत राहिला तो दाणा, खाली पडला तो गाळ. ढेकूळ फोडायचं, गाळ पुन्हा वळायचा. मग वीस मिनिटं वाफ. परातीत काढून तेलाचा हात, पाणी, दहा मिनिटं विश्रांती. पुन्हा वाफ. पुन्हा परात. असं तीनदा. साडेबाराला कुसकुस व्हायचा. चवीबद्दल सांगायचं तर मीठ कमी असायचं. पण चवीबद्दल कुणी बोललं की ते म्हणत, "चव हा अभिप्राय झाला. गुठळी हा पुरावा."

पुराव्याची पद्धत अशी होती. एक डाव कुसकुस घ्यायचा, स्टीलच्या ताटाच्या दीड वीत वरून सोडायचा, ताटाला खालून तीन टिचक्या मारायच्या आणि गुठळ्या मोजायच्या. तुरीच्या डाळीएवढी किंवा त्याहून मोठी ती गुठळी. लहान असेल ती धरायची नाही. पाचांपर्यंत पास. सहा झाल्या की सगळा घाणा नापास, आणि तो शेजारच्या म्हशीला. मी राहायला गेलो त्या वर्षी म्हशीने आमच्यापेक्षा जास्त कुसकुस खाल्ला. तिने मिठाबद्दलही तक्रार केली नाही.

मोजायचं काम माझ्याकडे आलं, कारण काकांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. ते ऑपरेशन करून घेत नसत. नगरच्या डॉक्टरांकडे मीच त्यांना घेऊन गेलो होतो.

"यश किती?" काकांनी विचारलं.

"काका, शंभरातले अठ्ठ्याण्णव लोक एकदम छान बघतात," डॉक्टर म्हणाले.

"उरलेले दोन कुठल्या गावचे?"

डॉक्टर हसले. काका हसले नाहीत. उरलेल्या दोघांचं काय झालं हे कळेपर्यंत डोळ्याला हात लावायचा नाही, असं ठरवून ते परत आले. तेव्हापासून दर शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत मी सात मिनिटं चालत घरी यायचो, ताटावर वाकायचो, आकडा सांगायचो आणि परत जायचो. तो आकडा काका एका वहीत लिहीत. माझ्या हाताखालच्या शिपायाला वाटे की साहेबांच्या घरी कुणीतरी आजारी आहे.

पास झालेला कुसकुस गल्लीत वाटला जाई. सात घरं, सात वाट्या. वाटी देताना ते दारातच थांबत आणि समोरच्याने पहिला घास खाईपर्यंत हलत नसत. "सुटा आहे?" एवढाच प्रश्न. "छान आहे" हे उत्तर चालत नसे. पलीकडच्या नंदाने एकदा तो घरात नेऊन मोहरी, कांदा, कढीपत्त्याची फोडणी दिली आणि लिंबू पिळून पोरांना वाढला. फोडणीचा वास रस्त्यापर्यंत आला. काका परत फिरले.

"हे काय केलं?"

"काका, पोरं नुसतं खात न्हाईत. सांजा केला."

"हा सांजा नाही."

"आता झाला की."

नंदाची वाटी चार शुक्रवार बंद झाली. पाचव्या शुक्रवारी बाकीच्या सहा घरांतून फोडणीचा वास आला.

घरात हे सगळं काकू ओट्यावरून बघत. त्या गल्लीतल्या बचत गटाच्या प्रमुख होत्या. उन्हाळ्यात सात जणी मिळून कुरडया, शेवया करायच्या. पण काकूंचं नाव होतं ते गव्हल्यांसाठी. रव्याच्या भिजवलेल्या पिठाचे तांदळाएवढे दाणे चिमटीत वळून वाळवतात, त्याची खीर करतात, लग्नाच्या रुखवतात मांडतात. पारनेरच्या आसपास कुठेही लग्न निघालं की काकूंना बोलावणं यायचं. त्या गप्पा मारत, दाराकडे बघत, कुणाच्या सुनेची चौकशी करत वळत आणि दाणा दाण्यासारखा पडे. मी एकदा कुतूहलाने पन्नास दाणे पट्टीवर ओळीने ठेवून मोजले. फरक माझ्या पट्टीला कळला नाही. हे मी काकांना सांगितलं. ते म्हणाले, "ते खिरीचं."

अल्जेरियातल्या एकाच माणसाची आठवण ते सांगत, ती तिथल्या साइटवर स्वयंपाक करणाऱ्या म्हातारीची. ती कशानेच काही मोजत नसे. ओंजळीत पाणी घ्यायची आणि शिंपडायची, बस. तिच्यासारखा सुटा कुसकुस त्यांनी पुन्हा खाल्ला नाही. तिच्या ओंजळीत पाणी किती मावत असेल, हा आकडा काढण्यात काकांची सगळी निवृत्ती चालली होती. त्यांचं स्वतःच्या, माझ्या आणि पोस्टमनच्या ओंजळीत पाणी ओतून नळीने मोजून झालं होतं. पोस्टमनच्या ओंजळीएवढ्या पाण्यात गुठळ्या सगळ्यांत कमी झाल्या.

"चाळीस वर्सं त्या बाईचा हात मोजत्यात," काकू माझ्या बायकोला म्हणाल्या. "घरात बी एक हात हाय, त्याच्याकडं नजर न्हाई गेली."

काकांची दुसरी अभिमानाची गोष्ट एका तलावाच्या बांधाची. कुठल्याशा गावात पाझर तलावाचं काम चालू होतं. काकांनी बांधाची माती तीनदा तपासली आणि तीनदा नापास केली. ठेकेदार आला, पुढारी आला, वरून फोन आला. काकांनी अहवालातला आकडा बदलला नाही. पुढच्या दहा महिन्यांत त्यांच्या तीन बदल्या झाल्या. ही गोष्ट ते इतक्या आनंदाने सांगत की बदल्या म्हणजे बढत्या वाटाव्यात. मला ती गोष्ट आवडायची. आमच्या खात्यात अशी माणसं थोडी असतात आणि ती लांबून फार चांगली दिसतात.

काकूंकडे त्याच गोष्टीचा दुसरा भाग होता. एकदा काका सांगत असताना त्या ओट्यावरून म्हणाल्या, "आता पुढचं सांगा की. काम बंद पडलं. पन्नास बाया माती वाहायला हुत्या, त्या उन्हाळाभर घरी बसल्या. माझी बहीन त्यात हुती."

"माती नापास होती," काका म्हणाले.

"माती हुती. बाया न्हवत्या."

काका उठून आत गेले. त्यानंतर माझ्यासमोर त्यांनी ती गोष्ट सांगितली, पण काकू देवळात गेल्यावर.

माझ्या चौथ्या वर्षी आषाढात काकूंचे भाचेजावई आले. राजूरचे. भंडारदऱ्याच्या पाण्याकाठी त्यांचे तंबू आहेत. पावसाळ्यात तिथे पुण्या-मुंबईची गर्दी असते. चहा पिता पिता ते म्हणाले, "मावशी, आमच्या पब्लिकला पिठलं-भाकरी फोटोपुरती लागते. खायला असलं कायतरी विचारत्यात, कुसकुस म्हणून. बाबा करतात ना?" गटाने दाणा वळून, वाळवून द्यायचा, हंगामभर दर आठवड्याला न्यायची सोय ते करणार. शेजारचे आणखी तीन तंबूवाले पण घेतील. फक्त एकदा तिथे येऊन करून दाखवायचा.

पारनेरच्या कोरड्या बाजूला खुरपणी संपली की बायकांना काम नसतं. कांद्याच्या वखारीत निवडायला जायचं, दिवसभर वाकून, धुळीत. सात जणींना घरबसल्या चार महिन्यांचं काम म्हणजे काय, हे मला काकूंच्या चेहऱ्यावरून समजलं. नंदाने तर दुसऱ्याच दिवशी वखारीच्या मुकादमाला सांगून टाकलं की ती येणार नाही.

"अगं, आदी ठरू तर दे," काकू म्हणाल्या.

"आक्का, एकदा त्याला न्हाई म्हनायचं हुतं. परत संधी कवा येनार."

काका तांत्रिक सल्लागार झाले. कुणी नेमलं नाही, ते झाले. ओट्यावर बायका दाणा वळत आणि काका चाळण्या घेऊन फिरत. पहिल्याच दिवशी काकूंच्या परातीतला दाणा मधल्या चाळणीत राहिला, सगळाच्या सगळा. ढेकूळ नाही, गाळ नाही. काकांनी तो पुन्हा चाळला. मग तिसऱ्यांदा. मग चाळणी उजेडाकडे धरून, दिसत नसताना, तिची जाळी तपासली.

"चाळणी सैल झाली असेल," ते म्हणाले.

नंदा तोंडात पदर धरून आत पळाली.

श्रावणातल्या एका मंगळवारी आम्ही निघालो. मी किरकोळ रजा टाकली होती. जीपमध्ये काका पुढे, मांडीवर दोन मजली भांडं. मागे काकू, सहा बायका, मी आणि कापडी पिशव्यांत वाळलेला दाणा. संगमनेर, अकोले, राजूर. पारनेरला आकाश पांढरं होतं. राजूरच्या पुढे काचेवरून पाणी हटेना आणि भाताच्या खाचरांत माणसं इरलं घेऊन उभी. एकाच जिल्ह्यात आहोत याचा पुरावा फक्त माझ्या नकाशात होता.

तंबूवाल्यांच्या शेडमध्ये चूल पेटवली. चारी मालक खुर्च्या टाकून समोर बसले. काकूंनी पिशवीत हात घातला, दाणा चोळून बघितला आणि काकांजवळ जाऊन हळूच म्हणाल्या, "दाना सादळलाय. पानी कमी घाला."

"किती कमी?"

"हाताला कळंल तेवढं."

"म्हणजे किती?"

काकूंनी पिशवी चुलीजवळ सरकवली. काकांनी माझ्याकडे नळी दिली. "नेहमीचा आकडा."

आता इथे मला स्वतःची बाजू सांगितली पाहिजे, आणि ती फार चांगली नाही. हा माणूस चाळीस वर्षं मातीतली ओल मोजत आला होता. पावसाळ्यात उघडी माती पाणी पिऊन बसते, हे त्याने शेकडो अहवालांत लिहिलं असेल. रवा पण पितो, हे त्याच्या डोक्यात आलं नाही, कारण आकडा पारनेरला ठरला होता. माझ्या डोक्यात मात्र ते आलं होतं. माझ्या हातातला कागद मऊ पडला होता, काडेपेटी पेटत नव्हती. आणि तरी मी नळी डोळ्यांसमोर धरून, एक थेंब इकडे तिकडे न करता, तेवढंच पाणी ओतलं. आकडा बरोबर आला म्हणून मला बरंही वाटलं.

पहिल्या वाफेलाच परातीत आवाज वेगळा झाला. सुटा दाणा परातीत पडताना सरसर वाजतो. हा पडला आणि बसला. काकांनी उलथनं फिरवलं. दुसरी वाफ. तिसरी. बायकांनी एकमेकींकडे बघणं बंद केलं.

जावई मात्र रंगात आले होते. ते बाकीच्या तिघांना सांगत होते, "आमच्या बाबांचं काम म्हणजे एकदम सरकारी. पाच गुठळ्यांच्या वर गेलं तर स्वतःच्या हातानं फेकत्यात. म्हशीला घालत्यात, पर मानसाला न्हाई. आता बघा तुमी."

"पास झालं तर आपलं पक्कं," त्यातला एक मालक म्हणाला. "अशी गॅरंटी कोन देतंय आजकाल." त्याने मोबाईल काढून शूटिंग सुरू केलं.

काकांनी डाव भरला. दीड वीत. सोडला. ताटाला तीन टिचक्या. आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "भाऊसाहेब, मोजा."

मी वाकलो. एकोणीस होत्या. मोजायची गरज नव्हती, तरी मी सवयीने दोनदा मोजल्या. तीन तर हरभऱ्याएवढ्या. समोरच्या मालकांना ढीग दिसत होता, गुठळी कशाला म्हणतात हे त्यांना ठाऊक नव्हतं. बायकांना ठाऊक होतं. मी मान वर केली तर नंदा माझ्याकडे बघत नव्हती, शेडच्या पत्र्याकडे बघत होती. काकू माझ्याकडे बघत होत्या. त्यांनी डोळ्याने काही खूण केली असती तर मला सोपं गेलं असतं. त्यांनी काहीच केलं नाही.

चोवीस वर्षांच्या नोकरीत मी खोटा आकडा सांगितला नव्हता. भावाच्या शेताच्या मोजणीतही नाही, त्यामुळे भाऊ माझ्याशी बोलत नाही.

"चार," मी म्हणालो.

काकांनी मान तिरकी केली. "चार?"

"चार."

त्यांनी हात पुढे केला आणि ताटावर ठेवला. पाची बोटं पसरून ती सावकाश एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत नेली. मग परत आणली. माती चिमटीत घेऊन बघतात तशी. मोबाईल चालूच होता. एक मालक म्हणाला, "बघा, कसं चेक करत्यात." बोटं मध्येच थांबत, पुढे जात, पुन्हा थांबत.

काकांनी हात पुसला. शेडमधल्या बायकांच्या दिशेने तोंड केलं. दिसत तर काही नव्हतंच.

"चार," ते म्हणाले. "पास."

काकू लगेच उठल्या. "आता वाढायला थोडा येळ हाय, मी जरा हात फिरवते," म्हणत त्यांनी परात ओढली. दोन्ही तळव्यांना तेल लावलं. नंदा दुसऱ्या बाजूने बसली. दोघींनी तळव्यांत चोळून चोळून गुठळ्या फोडल्या, दाणा कोरड्या कापडावर पसरला, परत चोळला, पाण्याचा थेंब न घालता एक वाफ दिली. पाऊण तासात परातीत सरसर वाजायला लागलं. आधी तपासणी पास झाली, माल नंतर सुधारला. सरकारी कामात मी हे पाहिलं होतं, फक्त तिथे माल नंतरही सुधारत नाही. काकू रश्श्यात मीठ टाकताना मला दिसल्या, मूठभर. चारी मालकांनी दोनदा घेतला. काम पक्कं झालं.

परतीच्या वाटेवर मागच्या सीटवर गाणी चालली होती. काका पुढे भांडं मांडीवर घेऊन बसले होते. अकोल्याला चहाला थांबलो तेव्हा ते खाली उतरले नाहीत.

पुढच्या शुक्रवारी त्यांनी कुसकुस केला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. आमच्याशी बोलणं चालू होतं, पाणी कधी येणार, दिवा का चालू राहिला, सगळं. वही मात्र निघाली नाही. ओट्यावर सात बायका दाणा वळत होत्या, चाळण्यांशिवाय, आणि दर गुरुवारी टेम्पो येऊन पिशव्या नेत होता. काका त्यांच्या मधून चपला शोधत बाहेर जात आणि आत येत. "काका, बघा की जरा चाळून," नंदा एकदा म्हणाली. टोमणा नव्हता, तिला खरंच दया आली होती. काका म्हणाले, "पास आहे ते." आणि गेले.

मी बायकोला म्हटलं, "मी जाऊन खरं सांगून टाकतो."

"त्यांना काय ठाऊक नाही का?" ती म्हणाली. "सांगून तुम्हाला हलकं वाटेल. त्यांचं काय?"

तिसऱ्या आठवड्यात रविवारी दुपारी जिन्यावर पावलं वाजली. चार वर्षांत काका कधी वर आले नव्हते. भाडेकरूच्या घरात जायचं नाही, असा त्यांचा नियम होता. ते कठडा चाचपत वर आले आणि खुर्चीत बसले. बायकोने चहा ठेवला. त्यांनी साखर किती चमचे ते विचारून घेतलं. मग माझ्याकडे तोंड करून म्हणाले, "खऱ्या किती होत्या?"

मी म्हणालो, "एकोणीस."

"नक्की?"

"दोनदा मोजल्या."

त्यांनी उजवा हात उघडून डोळ्यांजवळ धरला. "मला सतरा लागल्या," ते म्हणाले. "तीन आठवडे झाले, मी तेच म्हणतोय. सतरा असतील, की बोटांना कमी लागतायत?"

"काका," मी म्हणालो, "मग पास का केलंत?"

"ते विचारायला मी वर आलेलो नाही." त्यांनी चहा संपवला, कप बशीत नीट मधोमध ठेवला आणि उठले. जिन्यात उतरताना ते स्वतःशीच म्हणत होते, "दोन. दोन कमी."

पुढच्या शुक्रवारी साडेबाराला मी सवयीने घरी आलो. स्वयंपाकघरातून कणीक भाजल्याचा वास येत होता. काकू तवा घेऊन ओट्यावर होत्या. दार उघडं होतं. काका ताटावर बोटं फिरवत होते आणि त्यांच्या मागे भिंतीवर खडूने मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: बोटाने मोजल्यास अधिक दोन.

"तीन," ते म्हणाले. "अधिक दोन, पाच. पास." आणि वाट्या भरायला लागले.

मी दारात उभा आहे हे त्यांना कळलं होतं, कारण माझी वाटी त्यांनी तिथेच माझ्या हातात दिली आणि मी पहिला घास खाईपर्यंत थांबले. त्या घरात मी त्यानंतर आणखी दोन वर्षं राहिलो. मोजायला त्यांनी मला पुन्हा बोलावलं नाही. बोटांची चूक दोनची होती, ती मिळवून घेता आली. माझी पंधराची होती.